नाईलचे हौद

हौद म्हटला की आपल्याला जुन्या वाड्यातला दगडी हौद आठवतो, नाही तर कात्रजच्या तलावातून नळाने पाणी आणून भरलेले पुण्यातले पेशवेकालीन हौद. हा शब्द आपल्याकडे अरबीतून फारसीमार्गे आला. इजिप्तमध्ये मात्र तोच शब्द, 'होद' अशा काहीशा उच्चाराने, शेतजमिनीला लागतो, आणि तीही हजारो एकरांच्या. नाईलच्या काठची जमीन मातीच्या बांधांनी वेढून तिचे प्रचंड हौद केलेले असत. पुराच्या दिवसांत ते भरायचे, दीडदोन महिन्यांनी रिकामे करायचे आणि उरलेल्या ओलीवर गहू पेरायचा. पाच हजार वर्षांच्या आसपास टिकलेली ही पद्धत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संपली. ती कशी चालत होती आणि का मोडली, हे समजून घेण्याचा हा प्रयत्न आहे. धरणांच्या इतिहासात पाणी कसे आणले याची हकीकत भरपूर सापडते. वापरून झालेले पाणी कुठे गेले, हा प्रश्न क्वचितच विचारलेला दिसतो. नाईलच्या हौदांकडे मी या दुसऱ्या प्रश्नासाठी वळलो.

इजिप्तमध्ये पाऊस जवळजवळ नाहीच. नाईलला पूर येतो तो इथिओपियाच्या पठारावर पडणाऱ्या पावसाळी पावसामुळे. निळी नाईल आणि अटबरा या दोन नद्या ते पाणी आणि त्याबरोबर ज्वालामुखी खडकांची झीज होऊन बनलेला काळा गाळ खाली आणतात. आपल्याकडे ज्या दिवसांत मृगाची वाट पाहिली जाते, त्याच सुमारास अस्वानला पाणी चढू लागे आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला ते शिगेला पोहोचे. उन्हाळ्यातल्या पातळीहून नदी तिथे सुमारे आठ मीटर चढत असे. हा पूर ठरल्या वेळी येई आणि ठरल्या वेळी ओसरे. जुन्या इजिप्ती वर्षाचे तीन ऋतू त्यावरच बेतलेले होते: पुराचा, जमीन पाण्यातून वर येण्याचा आणि कापणीचा.

नाईलच्या खोऱ्याचा आकार या शेतीला सोयीचा होता. दरवर्षी गाळ टाकून नदीने आपलेच काठ उंच केले होते. काठापासून वाळवंटाकडे जावे तशी जमीन उतरत जाते. म्हणजे पूर काठावरून ओसंडला की पाणी आपोआप मागच्या सखल भागात जाऊन साठे. माणसाने या नैसर्गिक खोलगटांना बांध घातले. नदीला समांतर एक लांब बांध आणि त्यापासून वाळवंटाच्या कडेपर्यंत आडवे बांध. दोन आडव्या बांधांमधली जमीन म्हणजे एक हौद. काही हौद हजार-दोन हजार एकरांचे असत, तर काही वीस हजार एकरांच्याही वर जात. नदीच्या वरच्या अंगाला कालव्याचे तोंड फोडून पाणी आत घ्यायचे आणि चार-पाच किंवा अधिक हौदांच्या साखळीत ते एकातून दुसऱ्यात सोडत न्यायचे. साखळीच्या शेवटच्या हौदाला नदीकडे परत जाणारी वाट ठेवलेली असे.

ऑगस्टच्या मध्यावर हौद भरू लागत. एक ते दोन मीटर खोल पाणी चाळीस ते साठ दिवस उभे राही. गावे उंचवट्यांवर असल्याने या काळात ती बेटांसारखी दिसत आणि येणेजाणे बांधांवरून किंवा होडीने चाले. पाणी उभे असताना तीन गोष्टी घडत. गाळ खाली बसे. जमीन खोलवर भिजे. आणि मागच्या वर्षभरात मातीत वर आलेले क्षार विरघळत. ऑक्टोबर-नोव्हेंबरात, म्हणजे साधारण आपल्या दिवाळीच्या सुमारास, नदी पुरेशी उतरलेली असे. तेव्हा हौदांचे पाणी नदीत परत सोडले जाई आणि ते जाताना क्षार घेऊन जाई. चिखलातच गहू, जव, मसूर, बाकला, जवस यांचे बी फेकत. बरसीमही तेव्हाच पेरत. आपल्याकडच्या गोठ्यांत दिसणारे हे बरसीम विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इजिप्तमधून सिंधमार्गे भारतात आले आहे. पेरणीनंतर बहुतेक ठिकाणी पुन्हा पाणी देण्याची गरज नसे. मार्च-एप्रिलमध्ये कापणी झाली की जमीन उन्हात तापत पडे आणि तिला खोल भेगा जात. भेगांतून माती श्वास घेई, कीड मरे, आणि पुढच्या पुराचे पाणी त्याच भेगांतून खोल उतरे.

गाळाचा थर दरवर्षी जेमतेम मिलिमीटरभर वाढे. शतकात सुमारे दहा सेंटिमीटर. तो कालवा-हौदांत वाटण्याचेही शास्त्र होते. वरच्या हौदांना तांबडे, गढूळ पाणी मिळे. खालच्या हौदांपर्यंत पोहोचेतो ते निवळून जाई, आणि निवळलेले पाणी म्हणजे कसदार नसलेले पाणी. म्हणून साखळीतल्या खालच्या हौदांनाही काही गढूळ पाणी थेट मिळावे, अशी कालव्यांची रचना करावी लागे. वरच्या गावाने आपला हौद वेळेवर सोडला नाही तर खालच्याची पेरणी लांबे. बांध फुटला तर नुकसान साऱ्या साखळीचे होई, म्हणून पुराच्या दिवसांत बांधांवर रात्रंदिवस माणसे राखणीला असत.

एवढी मोठी व्यवस्था म्हणजे तिच्यामागे एखादे बलाढ्य केंद्रीय शासन असलेच पाहिजे, असे एक मत प्रसिद्ध आहे. कार्ल विटफोगेल यांनी १९५७ साली पूर्वेकडच्या एकतंत्री राज्यांचे मूळच मोठ्या पाणीपुरवठ्याच्या व्यवस्थांत शोधले. इजिप्तपुरते हे मत टिकत नाही, असे कार्ल बुट्झर यांनी १९७६ च्या आपल्या पुस्तकात दाखवले. नाईलचे हौद मुळात नैसर्गिक होते, ते एकेक करून त्या त्या भागातल्या लोकांनी सुधारले आणि त्यांची देखभालही बरीचशी स्थानिकच राहिली, असे त्यांचे म्हणणे. राजाचा संबंध मुख्यतः पिकाच्या मोजणीशी आणि कराशी होता. मला बुट्झर यांची बाजू अधिक पटते, कारण या व्यवस्थेचे खरे काम शेजाऱ्या-शेजाऱ्यांमधले होते. मृताने परलोकीच्या न्यायसभेत जी पापे आपण केली नाहीत म्हणून सांगायची, त्यांत वाहते पाणी त्याच्या वेळी अडवल्याचे पापही होते. पाणी सोडून देण्याला तिथे धर्माचाही आधार होता.

राज्याचे लक्ष पुराच्या उंचीवर असे. अस्वानजवळच्या एलिफंटाइन बेटावर आणि पुढे कैरोच्या रोडा बेटावर नाईल मोजण्याची स्थाने होती. रोडा बेटावरचे मोजमाप-स्थान इसवी सन ८६१ मध्ये अब्बासी खलिफा अल-मुतवक्किल याच्या काळात बांधलेले आहे. विहिरीसारख्या खोल बांधकामाच्या मधोमध अष्टकोनी खांब आणि त्यावर हातांच्या खुणा. पाणी सोळा हातांवर गेले की वर्ष चांगले, आणि शेतसाराही पूर्ण वसूल करता येई. मग कैरोच्या कालव्याच्या तोंडावरचा मातीचा बांध समारंभाने फोडला जाई. ज्या जमिनीवर पाणी पोहोचलेच नाही, तिला 'शराकी' म्हणत आणि तिला साऱ्याची सूट मिळे.

इथे या पद्धतीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर हे जुन्या काळाचे नुसते गुणगान होईल. हौदांची शेती सर्वस्वी पुराच्या मर्जीवर होती. पूर कमी आला तर उपासमार. अकराव्या शतकात खलिफा अल-मुस्तनसिरच्या काळात ती सात वर्षे चालली. १२०० ते १२०२ च्या दुष्काळाचे अब्दुल लतीफ अल-बगदादी याने केलेले वर्णन वाचवत नाही. पूर फार मोठा आला तर बांध आणि गावे वाहून जात. शिवाय मोठ्या क्षेत्रावर वर्षाला एकच पीक येई. उन्हाळी पिके फक्त काठाच्या उंच जमिनीवर, तीही लाटेने किंवा रहाटगाडग्याने पाणी उचलून. बांधांची डागडुजी वेठीने होई.

१८७७ साली असाच एक तोकडा पूर आला. वरच्या इजिप्तमध्ये नऊ लाख एकरांहून जास्त जमीन कोरडी राहिली. महाराष्ट्राच्या वाचकाला हे साल वेगळे सांगायला नको. १८७६ ते १८७८ चा दख्खनचा दुष्काळ, ज्यात पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची हकीकत गोळा करून सरकारपुढे मांडली, तो याच काळातला. प्रशांत महासागर तापल्याने मोसमी वारे बिघडतात, हे आता आपल्याला ठाऊक आहे. सोलापूरच्या शेतावर न पडलेला पाऊस आणि इथिओपियाच्या डोंगरावर न पडलेला पाऊस हे एकाच बिघाडाचे परिणाम होते. या दुष्काळानंतर दोन्हीकडे एकच उत्तर पुढे आले: बारमाही कालवा. इजिप्तमध्ये त्याची सुरुवात मात्र आधीच झालेली होती, आणि ती दुष्काळामुळे नव्हे, कापसामुळे.

मुहम्मद अली १८०५ मध्ये इजिप्तचा सत्ताधीश झाला. १८२० च्या सुमारास लांब धाग्याच्या कापसाची लागवड सुरू झाली आणि त्याला युरोपात चांगली किंमत येऊ लागली. कापूस उन्हाळ्यात वाढतो. म्हणजे नदी सर्वांत खाली असते तेव्हा त्याला पाणी लागते आणि नेमका पूर आला की त्याचे नुकसान होते. हौदाच्या शेतीचे वेळापत्रक त्याला अगदी उलटे. म्हणून त्रिभुज प्रदेशात खोल उन्हाळी कालवे खणले गेले आणि त्या जमिनींना पुरापासून बांध घालून वाचवण्यात आले. हे खोल कालवे दरवर्षीच्या पुरात गाळाने भरत. तो उपसण्यासाठी १८८० च्या दशकाच्या आरंभीसुद्धा दरसाल लाखाहून अधिक माणसे वेठीला धरली जात. जो गाळ हौदात शेताला मोफत मिळत होता, तोच आता कालव्यात अडचण झाला होता.

नदीची पातळीच उंचावली तर खोल खणावे लागणार नाही, म्हणून कैरोच्या उत्तरेला, नाईल दुभंगते तिथे, दरवाजांचा मोठा बंधारा बांधायला घेतला. काम रेंगाळत १८६१ मध्ये पुरे झाले, पण पाणी अडवताच त्याला तडे गेले. १८८२ मध्ये इंग्रजांनी इजिप्तचा ताबा घेतला आणि हे काम हिंदुस्थानातून आलेल्या इंजिनिअरांकडे गेले. कॉलिन स्कॉट-मॉनक्रीफ गंगा-यमुनेच्या कालव्यांवर तयार झालेला होता. त्याच्या हाताखालचा विल्यम विलकॉक्स तर हिंदुस्थानातच जन्मलेला आणि रुरकीच्या थॉमसन कॉलेजात शिकलेला. त्यांनी हा बंधारा दुरुस्त केला, आणि कालव्यांसाठीची वेठही पुढच्या काही वर्षांत बंद झाली. १८९८ ते १९०२ या काळात विलकॉक्सच्या आराखड्यावर अस्वानचे पहिले धरण उभे राहिले.

या धरणाची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्याच्या भिंतीत १८० दरवाजे होते. पुराच्या दिवसांत ते उघडे ठेवून गढूळ पाणी तसेच जाऊ द्यायचे आणि पूर ओसरताना, पाणी निवळले की, दरवाजे बंद करून उन्हाळ्यासाठी साठा करायचा. विलकॉक्सने हौदांची पद्धत बारकाईने अभ्यासली होती. १८८९ साली प्रसिद्ध झालेल्या इजिप्तच्या सिंचनावरील त्याच्या ग्रंथात हौदांचे भरणे, सोडणे, बांधांची मापे यांचे तपशील आहेत. गाळाची किंमत ओळखून त्याने ती नव्या धरणात सांभाळली. पण धरणातल्या साठ्यावर हौदांच्या जमिनी एकामागून एक बारमाही होत गेल्या, आणि त्या जमिनींवर उभे राहून परत जाणारे पाणी बंद झाले. गाळाची सोय झाली होती. निचऱ्याची झाली नव्हती.

परिणाम दिसायला फार काळ लागला नाही. वर्षभर भरलेल्या कालव्यांतून आणि वरचेवर दिलेल्या पाळ्यांतून भूजल वर चढले. कापसाची मुळे पाण्यात गुदमरू लागली, आणि उन्हाने ओल वर ओढून जमिनीवर मीठ फुटू लागले. कापसाचा एकरी उतारा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात घसरत गेला. १९०९ चे पीक इतके वाईट आले की सरकारला दुसऱ्याच वर्षी चौकशी आयोग नेमावा लागला. किडीबरोबर भूजलाकडेही बोट दाखवले गेले, आणि उताराचे चर खणण्याची मोठी कामे त्यानंतर हाती घेण्यात आली.

दुसरा परिणाम माणसांच्या अंगावर उमटला. लघवीतून रक्त जाण्याचा आजार इजिप्तमध्ये प्राचीन काळापासून आहे. त्याचा जंतू थिओडोर बिलहार्झ याने १८५१ मध्ये कैरोत शोधला आणि तो गोगलगायींमार्फत पसरतो हे रॉबर्ट लीपरने १९१५ मध्ये इजिप्तमध्येच सिद्ध केले. हौदांच्या मुलखात उन्हाळ्यात सारे कोरडे पडे, गोगलगायी मरत आणि रोग आटोक्यात राही. बारमाही कालव्यांत त्यांना वर्षभराचे घर मिळाले. १९३० च्या दशकात अस्वान भागातल्या काही गावांची कालवा येण्यापूर्वी आणि नंतर तपासणी झाली. तीन वर्षांत लागण दहा-अकरा टक्क्यांच्या आतून चाळीस टक्क्यांच्या वर गेली होती.

अस्वानचे धरण पुढे दोनदा उंचावले आणि त्याच्या वरच्या अंगाला १९६० ते १९७० या दशकात मोठे धरण बांधले गेले. १९६४ पासून पूर अडू लागला, हौदांची उरलीसुरली शेतीही संपली, आणि गाळ धरणाच्या पाठीमागे बसू लागला. अस्वानला खत कारखाना आधीच उभा राहिला होता, जुन्या धरणाच्या विजेवर चालणारा. नदी जो कस पुराबरोबर देत होती, त्याची जागा घेणारे खत आता त्याच नदीच्या विजेने बनत होते. तरीही मोठ्या धरणाला नुसती नावे ठेवणे न्यायाचे होणार नाही. १८९७ च्या जनगणनेत सत्त्याण्णव लाख असलेला देश एका पिकावर आणि पुराच्या भरवशावर पुढे जगला नसता. १९८० च्या दशकात इथिओपियात सलग दुष्काळ पडला, तेव्हा इजिप्त तरला तो त्या साठ्यावर. पण १९७० नंतर सरकारला लाखो एकर शेतांखाली सच्छिद्र नळ पुरावे लागले, जमिनीतले पाणी बाहेर काढण्यासाठी. हौदाच्या शेवटी जी वाट ठेवलेली असे, तिचेच काम आता हे नळ करतात.

या हकिकतीचा आपल्या नीरेशी संबंध आहे. दख्खनच्या त्या दुष्काळानंतरच्या दशकात नीरा डाव्या कालव्याचे पाणी बारामतीच्या बाजूला आले. काळ्या, भारी जमिनीत उसाला मनमुराद पाणी मिळू लागले, आणि पंचवीस वर्षांत तिथेही मीठ फुटले. पुण्याच्या शेती कॉलेजचे हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी ताम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवरचे आपले संशोधन प्रसिद्ध केले ते १९१० साली, म्हणजे कैरोत कापसाचा आयोग बसला त्याच वर्षी. त्याआधी नीरेच्या कालव्यावर विश्वेश्वरय्यांनी गटागटाने पाणी देण्याची आणि पिकांच्या फेरपालटीची पद्धत आणली होती. नोकरीच्या सुरुवातीला त्यांनी धुळ्याकडे काम केले होते. तिथे पांझरेच्या खोऱ्यात फडांची शेती चाले. एका फडात एकच पीक, दरवर्षी फडांची पाळी बदलायची, आणि पाटाच्या शेपटाकडचे जादा पाणी सांडव्याने नदीला परत. हौद आणि फड यांची घडण वेगळी असली, तरी पाणी परत जाण्याची वाट दोन्हीकडे मुळातच ठेवलेली आहे.

विलकॉक्स म्हातारपणी बंगालकडे वळला. कलकत्ता विद्यापीठात त्याने बंगालच्या जुन्या सिंचनावर व्याख्याने दिली आणि ती १९३० मध्ये छापली गेली. रुंद, उथळ कालव्यांनी पुराचे गढूळ पाणी भातखाचरांत पसरवण्याची पद्धत तिथे पूर्वी होती, ती बांध घालून मोडल्यामुळे जमीन निकस झाली आणि हिवताप वाढला, असे त्याचे प्रतिपादन होते. बंगालचे ते उथळ कालवे मुद्दाम खणलेले होते की नदीचेच जुने प्रवाह, यावर वाद झाला. पण अस्वानचे धरण आखणाऱ्या माणसाला अखेरच्या काळात पुराच्या शेतीची वकिली करावीशी वाटली, ही गोष्ट उरतेच.

हौद परत आणता येणार नाहीत आणि ते आणावेत असे माझे म्हणणेही नाही. सांगली-कोल्हापूरकडे उसाच्या पट्ट्यात क्षारपड जमिनीखाली आज जे नळ घातले जातात, ते इजिप्तने पन्नास वर्षांपूर्वी घातलेल्या नळांच्याच जातीचे आहेत. खर्च तेव्हाही नंतर आला, आताही नंतरच येतो आहे, आणि तो बहुधा पाणी आणणाऱ्याच्या नव्हे, सखल भागात शेत असणाऱ्याच्या वाट्याला जातो. नाईलच्या शेतकऱ्याने हौद बांधताना भरण्याचे तोंड आणि सोडण्याचे तोंड ही दोन्ही एकाच वेळी ठरवली. नव्या कालव्याच्या नकाशात मी म्हणूनच आधी दुसरे तोंड शोधतो.